होटगीच्या शेतातला बीच मोड

मशीन इतकं ओरडत होतं की बघणाऱ्याला वाटावं, होटगीच्या त्या शेतात पावलोपावली सोनं पुरलंय. मी घोट्याएवढ्या पांढऱ्या चिखलात उभी. समोर थर्माकोलचा सर्फबोर्ड, प्लॅस्टिकची दोन नारळाची झाडं आणि त्यांच्या मधोमध निळा गाऊन घालून हुंदके देणारी नवरी मुलगी.

"मॅडम, एवढं वाजतंय म्हंजे घावलं की!" तिचे वडील महादेवअण्णा म्हणाले.

"अण्णा, सगळीकडेच वाजतंय. म्हणजे काहीच घावलेलं नाही."

माझा सोलापुरात मेटल डिटेक्टर बसवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा आहे. मुख्य काम टॉवेलच्या कारखान्यांत. शिवताना तुटलेली सुई टॉवेलात राहून परदेशी गेली तर अख्खी ऑर्डर परत येते, म्हणून प्रत्येक टॉवेल नीडल डिटेक्टरमधून जातो. अण्णा अशाच एका कारखान्यात सुपरवायझर. दुपारी त्यांचा फोन आला, "मॅडम, सुईचं मशीन घेऊन आमच्या शेतात या. लगेच या."

सुईचं मशीन फक्त लोखंड पकडतं. सोनं त्याच्या नाकासमोरून गेलं तरी ते ओळख दाखवत नाही. पण माझ्या गाडीत दुसरं एक मशीन होतं. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती. तिला कॉइल म्हणतात. रस्त्याच्या डांबराखाली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं शोधायला घेतलेलं. ते घेऊन मी निघाले.

प्रकार असा होता. अण्णांच्या पल्लवीचं लग्न दुधनीच्या मुलाशी ठरलेलं. प्री-वेडिंग शूटसाठी गोव्याला जायचं होतं, पण नवऱ्यामुलाला रजा मिळेना. मग सनी नावाच्या फोटोग्राफरने अण्णांच्या शेताचा खालचा तुकडा बघितला. वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन तो चोपण झालेला, म्हणजे खार फुटून वर पांढरा थर आलेला आणि मध्ये वीतभर पाणी साचलेलं. अण्णा त्या तुकड्याला रोज शिव्या घालायचे. सनी म्हणाला, "अंकल, हा तर डिट्टो बीच!"

तर त्या बीचवर, लाटा नसताना लाटांवर उड्या मारायच्या शॉटमध्ये, पल्लवीच्या गळ्यातली बोरमाळ गेली. गाऊनवर बोरमाळ कशाला, हे मी विचारलं. "फ्यूजन," सनी म्हणाला.

बोरमाळ होणाऱ्या सासूची. सासूच्या आईची, खरं तर. साखरपुड्याला ती पल्लवीच्या गळ्यात घालताना त्या एकच वाक्य बोलल्या होत्या, "माझ्या अव्वाची हाय, जप." अव्वा म्हणजे कानडीत आई. आणि त्याच सासूबाई तासाभरात होटगी स्टेशनावर उतरणार होत्या. नवरामुलगा तोंड पाडून त्यांना आणायला गेला होता.

मी कामाला लागले. मशीन 'फील्ड' मोडवर होतं, सेन्सिटिव्हिटी फुल. साध्या जमिनीवर ते ठीक असतं. इथे कान किटले. स्क्रीनवर एक, दोन, तीन असे लहान आकडे नुसते नाचत होते. मशीन प्रत्येक वस्तूला आकडा देतं. तांब्याच्या जाड तुकड्याला मोठा, पातळ पत्र्याला लहान. आकड्याचा किमतीशी काही संबंध नाही.

मग मी शहाणपणा केला. लहान आकडे बंद करून टाकले. याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. नको त्या वस्तूंना गप्प बसवणं. मशीन एकदम शांत झालं.

"आता कसं गुणी लेकरावानी गप झालं," अण्णा खूश.

मी खूश नव्हते. ओरडणाऱ्या मशीनपेक्षा गप्प मशीनची मला जास्त भीती वाटते. कारखान्यात आम्ही रोज सकाळी एक मुद्दाम ठेवलेली सुई मशीनमधून सोडतो. वाजलं तरच काम सुरू. इथेही नमुना हवा होता. पल्लवीच्या आईच्या, कलावतीवहिनींच्या गळ्यात तशीच बोरमाळ दिसली.

"वहिनी, ती द्या. चिखलात पुरते आणि मशीनला विचारते."

"पुरता? अहो ताई, एक गेलीय तेवढी बास न्हाय का?"

"दोन मिनिटांत परत देते."

ही दोन मिनिटं मला अजून ऐकवली जातात.

माळ चार बोटं खोल पुरली. खूण म्हणून शेजारी उसाचं कांडं रोवलं. वरून कॉइल फिरवली. मशीन गप्प. म्हणजे मी खाराबरोबर सोन्यालाही गप्प बसवलं होतं. त्याचं कारण बोरमाळेतच आहे. तिचे मणी भरीव नसतात; आत लाख, वर सोन्याचा पातळ पत्रा, आणि सगळे दोऱ्यात ओवलेले. आपल्याला ती घसघशीत माळ दिसते, मशीनला मात्र सुटे सुटे हलके मणी दिसतात. त्यामुळे तिचा आकडाही लहान, खाराच्या अगदी शेजारचा.

मी हेडफोन आणायला गाडीकडे गेले. परत आले तर कांडं गायब.

"सनी, इथलं कांडं कुठंय?"

"काढलं ना मॅडम. फ्रेममध्ये येत होतं. लाइट मस्त आहे, म्हटलं रिकामा बीच घेऊन ठेवू. आणि बीचवर ऊस कुठं असतो?"

चिखलात आमच्या पन्नासएक पावलांचे खड्डे. सगळे सारखे. आता दोन बोरमाळा हरवल्या होत्या, त्यातली एक माझ्या देखरेखीखाली.

वहिनींनी रिकामा गळा चाचपला. अण्णांनी सनीला अशा काही शिव्या दिल्या की नारळाचं एक झाड पडलं. खरं तर त्यांनी लाथ मारली होती. पल्लवी रडता रडता फसकन हसली, आणि हसल्याबद्दल पुन्हा रडायला लागली.

"मी काय चुकीचं बोललो?" सनी म्हणत होता. "बीच म्हणजे बीच!"

मी मशीनकडे बघितलं. मोडच्या यादीत शेवटी एक छोटं चित्र असतं, छत्री आणि लाट. बीच मोड. घेतल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. सोलापुरात कोण लावेल? पण ओल्या खाऱ्या मातीतून वीज वाहते, म्हणून ती मशीनला धातूसारखी वाटते. समुद्रकिनाऱ्यावर नेमकी हीच अडचण असते. पाणी अरबी समुद्राचं आहे की अण्णांच्या उसाचं, हे मशीन विचारत नाही.

"सनी, तू बरोबर आहेस," मी म्हणाले. त्याचा विश्वास बसला नाही.

बीच मोड लावला. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली. डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढलं. मग स्वच्छ ओल्या जागेवर कॉइल चारपाच वेळा वरखाली केली, म्हणजे मशीन जमिनीचा स्वभाव शिकतं आणि तेवढा वजा करतं. कॉइल जमिनीला समांतर, सावकाश, आणि पाण्याच्या कडेकडेने चालायचं. ओलीतून कोरड्यात आणि परत ओलीत गेलं की ते बिचकतं.

मशीन कुजबुजायला लागलं. एवढंच हवं होतं.

पहिली घुरघुर आली. केसातली पिन. दुसरी, पिन. तिसरी, पिन. पल्लवीच्या अंबाड्यातून सोळा पिना त्या समुद्रात पडल्या होत्या. मग एक स्वच्छ, बारीक सूर. जाताना वाजला, येताना वाजला. आकडा सहा. मी हात घातला आणि माळ वर काढली. सगळे ओरडले. वहिनींनी ती पल्लवीच्या गाऊनला पुसली, गोंडा बघितला आणि म्हणाल्या, "हिरवा गोंडा. ही माझी."

ओरडणं थांबलं. मी मात्र निश्चिंत झाले. आता मला आकडा माहीत होता.

तेवढ्यात बांधावर मोटरसायकल थांबली. मागून सासूबाई उतरल्या. ठेंगण्या, इरकली नेसलेल्या. त्यांनी सगळ्यांचे चिखलाचे पाय बघितले.

"काय हुडकायलाव सगळे?"

"शूटिंग हाय, अव्वा," वहिनी घाईने म्हणाल्या. "चिखलाचा शीन हाय." सासूबाईंनाही सगळे अव्वाच म्हणायचे.

खोटं टिकणारं नव्हतं. "अव्वा, तुमच्या आईची बोरमाळ हुडकतोय," मी म्हणाले. "निम्मी जागा झाली, निम्मी राहिलीय."

पल्लवी पुढे आली. "अव्वा, माझं चुकलं."

अव्वांनी चपला बांधावर काढल्या, कासोटा घट्ट केला, चिखलात उतरल्या आणि माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतःला लावला.

"तुमी फिरवा. मी ऐकते. माझ्या अव्वाची हाय."

मी फिरवू लागले. त्या माझ्या पदराला चिकटून शेजारी.

"हे रेडकावानी करतंय, त्ये काय?"

"ते लोखंड. पिन."

"किती पिना घालता गं डोस्क्यात!"

सर्फबोर्डाच्या शेजारी त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "थांबा. आता पाखरू बोललं."

मी परत फिरवलं. सहा. आडवं फिरवलं. सहा. अव्वांनी कोपरापर्यंत हात घातला आणि चिखलाचा गोळा वर काढला. त्यातून लाल गोंडा लोंबत होता.

"सिक्तु!" त्या कानडीत ओरडल्या, सापडली म्हणून, आणि हेडफोन लावलेला असल्यामुळे दुप्पट मोठ्याने. "सिक्तु गं, सिक्तु!"

अण्णांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. नवरामुलगा बुटांसकट पाण्यात उतरला. अव्वांनी माळ साचलेल्या पाण्यात खळबळून धुतली आणि पल्लवीच्या गळ्यात परत घातली. "घाल. पर उड्या मारायच्या न्हाईत." मग सनीकडे वळल्या. "ए, माझा बी फोटू काढ की. ती फळी घेऊन."

लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो पहिल्या पानावर आहे. इरकली, चिखल आणि सर्फबोर्ड.

या कामातून मी दोन गोष्टी शिकले. सेटिंग पायाखालची माती बघून निवडावं, नकाशावरचं गाव बघून नाही. आणि नमुना पुरताना त्याला दोरी बांधावी. दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवावं, फोटोग्राफरच्या नजरेला पडू देऊ नये.