अस्वलांसाठी टांगलेल्या घंटा

आईने बत्तीस वर्षं सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवला. जपानची चार बेटं ती फळ्यावर पुस्तकात न बघता काढायची. मागच्या वर्षी ती आमच्याकडे न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला सहा महिने राहायला आली, तेव्हा मी म्हटलं, "परत जायच्या आधी ती बेटं एकदा बघून येऊ." माझा नवरा आणि मुलगा घर सांभाळायला तयार झाले.

कारण एवढंच नव्हतं. बाबा गेल्यापासून ती सांगलीत एकटी असते. तिने कायमचं आमच्याकडेच राहावं असं मला वाटत होतं, पण विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून डोंगरातली एक वाट मी मुद्दाम बेतात घातली. दमली, की आपणहून म्हणेल, आता एकटीला जमत नाही. लिहिताना लाज वाटते, पण मनात होतं ते असं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. न्यूझीलंडच्या पासपोर्टवर मला व्हिसा लागला नाही, आईच्या भारतीय पासपोर्टसाठी मात्र वेलिंग्टनच्या जपानी वकिलातीत दोन खेपा झाल्या. आणि रेल्वेचा सात दिवसांचा पास निघण्याआधीच घ्या, तिथे पोचल्यावर धावपळ नको.

टोकियोत आम्ही दोन दिवस होतो. एवढी माणसं, पण कुणाचा धक्का नाही. एका गल्लीत सिग्नल लाल होता, रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी आठ-दहा जण शांत उभे. आई त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "माझा नववी ब कधी असा उभा राहिला नाही."

शाकाहारी खाणं मिळतं, पण शोधावं लागतं, कारण साध्या सूपातही मासळीचं पाणी असतं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. शिवाय दुकानोदुकानी मिळणारे, आत खारवलेलं आंबट फळ घातलेले भाताचे त्रिकोण. "लिंबाचं लोणचंच की," आई म्हणाली, "जरा जास्त मुरलेलं."

तिसऱ्या दिवशी बुलेट ट्रेनने नागोयाला गेलो. तिकीट तपासनीस डब्यातून बाहेर पडताना वळला आणि सगळ्या डब्याला वाकून नमस्कार करून गेला. आईने बसल्या जागी हात जोडले.

"अगं, तो सगळ्यांनाच करतो."

"मग त्यात मी आले की नाही?"

नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत गाडी, पुढे अर्ध्या तासाची बस, आणि आलं मागोमे. तिथून त्सुमागोपर्यंत आठ किलोमीटरची जुनी दगडी पायवाट आहे. बॅगा थोड्या पैशांत पुढच्या गावी पोचवतात. ऑक्टोबर संपत आला होता. पानं गळलेल्या झाडांवर नारिंगी फळं तशीच लटकत होती.

पाऊण तासाने वाटेवर एक पितळी घंटा दिसली, लाकडी खांबाला टांगलेली. आई थांबली. अप्पर हटला घेतलेल्या नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला ठेवले, मोज्यांनिशी पुढे गेली, घंटा एकदाच हलकेच वाजवली आणि हात जोडून देव कुठे आहे ते शोधू लागली. मीही बूट काढले. मागून एक जपानी जोडपं आलं आणि आमचं आटपेपर्यंत अदबीने थांबलं. मग त्या बाईंनी खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर अस्वलाचं चित्र होतं. "फॉर बेअर," त्या म्हणाल्या. "प्लीज, स्ट्राँग." आणि दोरी धरून दणकन वाजवून दाखवली.

आई खांबाला धरून हसत सुटली. "म्हणजे अस्वलाला सांगायचं, मी आहे इथे, तू दचकू नकोस, मीही दचकत नाही."

पुढची प्रत्येक घंटा तिने तशी वाजवली, आणि दर वेळी ती माझ्या पुढे होती. खिंडीचा चढ संपला तेव्हा गुडघा माझा दुखत होता.

वाटेत चहाचं एक जुनं घर लागलं. आत चूल पेटलेली होती आणि एक आजोबा येईल त्याला चहा देत होते. आईने कप दोन्ही हातांत धरला.

"मला दमवायला आणलंस ना, नीलू?"

मी गुडघा चोळू लागले.

"विचारायचं होतंस सरळ. मी नाही म्हटलं असतं, एवढंच."

"तिकडे तुला काही झालं तर मला कळणार कसं?"

तिने बाहेरच्या घंटेच्या खांबाकडे मानेने खूण केली. "घंटा वाजवीन की. रोज उठले की तुला मिस्ड कॉल. दोन रिंगा, उचलायचा नाही. नाही आला, तर शेजारच्या कुलकर्ण्यांना फोन कर."

त्सुमागोत पोचल्यावर तिने कोळशावर भाजलेला, अक्रोडाची चटणी लावलेला भात दोनदा मागून खाल्ला.

परतताना बुटांचा चिखल नीट घासून काढा. ऑकलंडच्या विमानतळावर बूट तपासतात, आमचेही तपासले.

नोव्हेंबरात आई सांगलीला गेली. त्या प्रवासातलं काय उरलं विचाराल, तर वाकणारा तो तपासनीस, ती नारिंगी फळं, आणि दुपारी अडीचच्या सुमारास, सांगलीत सकाळचे सात वाजतात तेव्हा, मी कामावर फार्मसीत औषधं मोजत असताना, खिशात वाजणाऱ्या दोन रिंगा. हात थांबतो, मग पुढे चालू लागतो. मागच्या आठवड्यात चुकून मी फोन उचलला.

"आई?"

"उचललास कशाला? उचलायचा नाही ठरलंय ना आपलं. ठेव आता, दूध वर येतंय."