गुळाच्या शाईचं मखर

“थुंक म्हन त्याले! ए शिक्केवाल्या, थुंक म्हन त्याले!”

साठी उलटलेला, जरीकाठी धोतर नेसलेला, डोक्याला गुलाबी फेटा गुंडाळलेला एक गृहस्थ बैलाच्या तोंडासमोर नाचत होता आणि ओरडत होता माझ्यावर. हा गृहस्थ दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावचा मालगुजार. शिक्केवाला म्हणजे मी, गोंदियात रबरी शिक्के कोरून पोट भरणारा. आणि बैल म्हणजे एक तरणाबांड पांढरा. त्याच्या जबड्यातून माझ्या तीन आठवड्यांच्या मेहनतीचा कळस अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबत होता.

बैलाला थुंकता येत नाही, हे मालगुजाराला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या गोठ्यातून निदान शंभर बैल नांदून गेले असतील. पण बिचारा दुसरं करणार काय? पोळ्याचा दिवस! त्या दिवशी बैलावर काठी उगारायची नाही, हात टाकायचा नाही, साधी शिवीही हासडायची नाही. तेव्हा बैलासाठी तोंडात आलेली प्रत्येक शिवी तो माझ्याकडे वळवत होता, आणि मीही ती बैलाच्या वतीनं मान खाली घालून स्वीकारत होतो.

आता ही वेळ आली कशी, ते सांगतो. यात दोष माझा नाही. थोडा आहे, पण तो पुढं येईलच.

गोंदियाच्या स्टेशनाजवळ एक चहावाला आणि एक सायकलवाला यांच्या मधल्या फटीत माझं दुकान होतं. फट म्हणतो ते उगाच नाही. मी आत बसलो की गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक अंगानं भरलेलं असलं तर माझ्या दुकानात ग्रहण लागायचं. जाड रबर धारदार पातीनं कोरून मी शिक्के करी. अक्षरं उलटी कोरावी लागतात. त्यामुळं मी जेवतानाही ताट उलटं धरतो, अशी अफवा माझ्या बायकोनं सगळ्या आळीत पसरवून ठेवली होती.

विडीवाले यायचे, वकील यायचे, “भाईसाब, एक ठप्पा बना दो” म्हणत राइस मिलचे मुनीम यायचे. यायचे, पण एकदाच. शिक्क्याचा धंदा मुळातच अडाणी आहे. माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक शिव्या घालायला तरी परत येतं. चांगला निघाला तर वीस वर्षं तोंड दाखवत नाही. माझे शिक्के इतके उत्तम होते की आम्ही उपाशी मरायची वेळ आली.

तेव्हा बायको म्हणाली, “कागदावर शिक्के मारून राहिले, त्यापरीस कागदच काऊन नाई विकत?”

तिच्या हातात जादू होती. कागद दुमडून, कातरून ती अशी फुलं करायची की भुंगे येऊन फसायचे. मी रबराचे नक्षीचे ठसे कोरले: कमळ, पान, वेल, पोपट. पोपट लोकांना वांगं वाटायचा. म्हणून आम्ही तो वांगं म्हणूनच खपवला. नवरदेवाचं बाशिंग, लग्नाच्या पताका, पोळ्याच्या बैलांच्या झुली, सगळं आमच्या फटीतून जाऊ लागलं.

अशात एक दिवस दुकानात ग्रहण लागलं. वर बघतो तो छत्री घेतलेला मालगुजार.

मालगुजार म्हणायचं ते सवयीनं. मालगुजारी सरकारनं काढून घेतल्याला तीन-चार वर्षं होऊन गेली होती. तिच्याबरोबर सारा गेला, वेठ गेली, ‘मालक, मालक’ करत दारात बसणारी माणसं गेली. राहिलं होतं एकच: पोळ्याचं मखर. आमच्याकडे मानाच्या बैलाच्या शिंगांना देवळाच्या शिखरासारखा लाकडी साज बांधतात, त्याला मखर म्हणतात. आंब्याच्या पानांचं तोरण मखराच्या बैलानं तोडायचं, मग गावचे सगळे बैल त्याच्या मागून घराकडे धावायचे. हा मान त्याच्या घरात त्याच्या आज्यापासून होता.

पण आता गावात सरपंच आला होता. सरपंचाकडे नवी पांढरी जोडी होती आणि तिच्याहूनही नवं तोंड होतं. त्यानं चावडीवर जाहीर केलं, “राज आता लोकायचं. ज्याचा बैल आंधी तोरन तोडल, मखर त्याच्या घरी.”

आणि मालगुजाराचा बैल? त्याच्या वयाबद्दल गावात वाद होते. मखर बांधलेला बैल तीन वर्षांत मरतो असं म्हणतात. हा सात वर्षं मखर वाहून उभा होता. बहुतेक मरायला जाण्याइतकंही त्याला चालवत नसावं. ते शिसवी मखर एकदा डोक्यावर चढलं की तो पुढं सरकतच नसे, जागच्या जागी म्हातारा होत असे.

“हलकं पाहिजे,” मालगुजार म्हणाला. “कागदाचं कर. पन दिसाले तीन मजली, आज्याच्या मखरावानी.”

“मालक, इतकं हलकं करतो की माशी बसली तर वाकेल.”

“मंग माशा हाकलाले मानूस ठेवू का?”

मी हसलो. तो हसला नाही. छत्रीची मूठ चोळत, रस्त्याकडे बघत म्हणाला, “मखर गेलं त मंग माह्या घरी राहिलं का गा? हे छत्री?”

आता अशा माणसाला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. आणि त्या महिन्यात दुसरं कामही नव्हतं.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा उभा केला. राइस मिलमधून तांदळाची कणी आणली, बायकोनं ती शिजवून खळ केली. रोज आम्ही खळीत चिमूटभर मोरचूद टाकत असू. विषारी असतो, म्हणून झुरळं कागदाला लागत नाहीत. मी पुडी सोडतोय एवढ्यात बायकोनं मनगट धरलं.

“पोळ्याच्या बैलाच्या डोस्क्यावर इख बांधता? अन् चाटलं त?”

“बैलाला स्वतःचं डोकं चाटता येतं का?” मी विचारलं.

“शेजारच्या बैलाले येते ना.”

पाप मला परवडणारं नव्हतं. मी मोरचूद टाकला नाही. पण ती बोलली ते वाक्य मी अर्धंच वापरलं. विष काढायचं एवढं ऐकलं. शेजारचा बैल चाटेल, हा भाग तसाच पडून राहिला.

पुढची गोष्ट शाईची. ठशाची शाई लवकर वाळू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालतात. ते नागपूरहून यायचं आणि नेमकं त्या महिन्यात आलं नाही. अडलं म्हणून थांबणारा मी नव्हे. मी गुळाचा घट्ट पाक करून जांभळ्या रंगात कालवला. काय चमक आली म्हणता! त्या शाईनं मी तिन्ही मजल्यांवर कमळं उठवली. तोंडी सांगताना मी एक लाख सांगतो. इथं लिहून ठेवायचं आहे म्हणून नऊ हजारांवर उतरतो.

पोळ्याच्या दिवशी मालगुजाराची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, आली. मखर मांडीवर घेऊन, नव्या नवरीला सांभाळावं तसं सांभाळत निघालो. भीती एकच होती, पावसाची. आभाळाकडे बघून बघून मान अवघडली. खाली बघितलं असतं तर दिसलं असतं की दमणीच्या मागं मुंग्यांची एक रांग गोंदियापासून चालत येत होती. गावात उतरल्यावर ती दिसली तेव्हा मला वाटलं, वा! या मुलखात मुंग्यांनाही कलेची कदर आहे.

गावाबाहेर तोरण बांधलं होतं. बैल धुतलेले, शिंगांना बेगड, अंगावर झुली. आदल्या दिवशी त्यांचे खांदे शेकून झाले होते आणि ‘उद्या जेवाले या’ म्हणून रीतसर आवतणही दिलेलं होतं. जेवण मात्र तोरण तुटल्यावर, घरी गेल्यावर. म्हणजे आमंत्रण मिळालेले, नटूनथटून आलेले, पण अजून पानावर न बसलेले साठ-सत्तर पाहुणे एका ओळीत उभे होते. मी त्यांच्या मधोमध शिजवलेला भात आणि गूळ तीन मजली रचून नेऊन ठेवला.

मखर शिंगांना चढलं तेव्हा गाव बघतच राहिलं. खरंच सांगतो, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे ओळ अर्धी टाकून बघायला पुढं आले. सरपंचच काय तो बोलला. म्हाताऱ्या बैलाभोवती एक फेरी मारून म्हणाला, “मालक, बैल कुठी हाये? मले त नुसतं देऊळच दिसून राहिलं.”

“दिसल ना,” मालगुजार म्हणाला. “पुढं गेला का दिसल. तुले त मांगूनच पाहाचं हाये.”

लोक हसले. मालगुजारानं फेटा सावरला. चार वर्षांत तो असा ताठ उभा राहिला नसेल.

तेवढ्यात शेजारी उभ्या सरपंचाच्या पांढऱ्यानं मान लांब केली आणि तळमजल्यावरचं एक कमळ चाटलं. थोडा विचार केला. पुन्हा चाटलं. मग उंच मान करून थेट कळसच तोडला.

इथंच मालगुजार ‘थुंक म्हन त्याले’ म्हणून ओरडला.

“हाकला! कोनी त हाकला!” तो भोवताली फिरू लागला.

“आज पोळा हाये, मालक,” सरपंच हात जोडून म्हणाला. “पाहुना जेवून राहिला. पानावरून उठवू नोका.”

मग काय विचारता! पांढऱ्याचा जोडीदार आला, त्याच्या मागून दुसरी जोडी, तिसरी जोडी. दोर ताणले, धरणारे फरफटले. मारायची सोय नाही म्हणून लोक बैलांना समजावत होते. एक जण तर “मामा, असं नोका करू” म्हणून बैलाच्या पाया पडला. वरचा मजला गेला, मधला गेला. जिकडं बघावं तिकडं जांभळ्या जिभा.

मालगुजारानं माझी गचांडी धरली. “का टाकलंस बे याच्यात?”

“भात अन् गूळ,” मी म्हणालो. संकटात मी खरं बोलतो.

“मंग मखर काऊन म्हनतेस? निवद म्हन ना!”

राग होता, पण डोळ्यांत दुसरंच काहीतरी होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्या गावासमोर नागडा होत चाललेला तो सांगाडा बघत होता. त्या क्षणी जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर मी तिला एक शिक्का फुकट कोरून दिला असता.

आणि म्हातारा बैल? तो या सगळ्यात ऋषीसारखा उभा. डोक्यावर घर लुटलं जातंय, याची पापणी हलत नव्हती. पण मजल्यांचा कागद संपला. उरली शिंगांना चिकटवलेली पट्टी. पांढऱ्यानं ती ओढली, आणि पट्टीबरोबर म्हाताऱ्याचा कानही तोंडात घेतला.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. समोर चाळीस बैल, चाळीस जांभळ्या जिभा, आणि सगळ्यांची नजर त्याच्याच डोक्यावर. आता कागद संपला म्हणजे पुढचा मजला आपणच, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

तो पळाला.

मी रेल्वेच्या गावचा माणूस, मेल गाड्या पाहिलेल्या आहेत. असं सुटलेलं दुसरं काही मी पाहिलं नाही. कासरा धरणारा दहा पावलं जमिनीवरून आणि पुढची वीस हवेतून गेला. तोरण? तोरण त्याला लागलंसुद्धा नसेल. आंब्याची पानं नुसती उडाली. मागून साठ-सत्तर बैल, गोडाच्या वासानं पिसाळलेले. सगळ्यांत पुढं होता पांढरा, तोंडात माझं शेवटचं कमळ. पण म्हाताऱ्याच्या मागं पाच हात. गाव एका आवाजात “हर हर महादेव” ओरडलं.

सरपंच धुळीतून बाहेर आला. “हे नाई चालनार! मखर कुठी होतं? नुसत्या काड्या होत्या!”

मालगुजारानं फेट्याचं सुटलेलं टोक शांतपणे खोचलं. “मखर तुह्या बैलाच्या पोटात हाये,” तो म्हणाला. “लागत असल त काढून दाखव. अन् बोली मखराची नाई, आंधी कोन तोडते त्याची होती. चावडीवर कोन बोललं होतं गा?”

लोकांनी सरपंचाकडे बघितलं. सरपंचानं बैलांकडे बघितलं. मान मालगुजाराच्या घरी राहिला.

मी मात्र तिथं थांबलो नाही. जिंकलेला माणूस आधी माफ करतो की आधी मारतो, याचा मला अनुभव नव्हता. बांधाबांधानं गोंदिया गाठलं. बायकोला सगळं सांगितलं. ती कात्री न थांबवता म्हणाली, “शेजारच्याले येते, असं म्हटलं होतं मी.” त्या गावात दुसऱ्या दिवशी गोवऱ्या जांभळ्या थापल्या गेल्या म्हणतात. मी पाहिल्या नाहीत, पण अविश्वास ठेवायचं मला काही कारण नाही.

पुढलं वर्षभर मी त्या रस्त्यानं गेलो नाही. रात्रंदिवस एकच विचार, चूक कशी सुधारायची. पोळा महिन्यावर आला आणि दुकानात ग्रहण लागलं. छत्री होती, फेटा होता.

मी उभाच राहिलो. त्यानं तोंड उघडायच्या आत बोलून टाकलं, “मालक, यंदा चिंता नको. ग्लिसरीन आणून ठेवलंय. खळीत कडुनिंबाचा रस घालतो. असं कडू करतो की कोणता बैल जवळसुद्धा फिरकणार नाही.”

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. छत्री मिटली.

“निंब नोको,” तो म्हणाला. “गूळ थोडा जास्त टाकजो.”