हुद्द्याप्रमाणे हरणारा मार्कर

चांद्याला मी वकिली करायला आलो तेव्हा माझ्याकडे अशिलं कमी आणि रिकामा वेळ फार होता. ते ओळखून दुसऱ्याच वर्षी लोकांनी मला क्लबाचा चिटणीस करून टाकलं. क्लब म्हणजे शहराच्या परकोटाबाहेरचा एक कौलारू बंगला, गोऱ्या साहेबांनी मागे सोडलेला. जंगल खात्याचे अधिकारी, सिव्हिल सर्जन, डेप्युटी कलेक्टर, मालगुजारी जाऊनही रुबाब न गेलेले दोघे आणि आम्ही चार वकील, एवढेच सभासद. मधल्या हॉलात बिलियर्डचं टेबल होतं आणि टेबलाबरोबर मार्कर होता.

मार्कर म्हणजे टेबल राखणारा, गुण पुकारणारा आणि ज्याला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी खेळणारा पगारी माणूस. आमचा मार्कर मूल गावाकडच्या एका खेड्यातला, चाळिशीचा, बोलायला कमी. सगळे त्याला नुसतं मार्कर म्हणत, मी वयाकडे बघून भाऊ म्हणायचो. तरुणपणी तो रस्त्यात धानाच्या गाड्या अडवणाऱ्या टोळीत होता. त्यापायी नागपूरच्या तुरुंगात त्यानं सहा वर्षं काढली. शेवटची तीन वर्षं त्याला तिथल्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला ठेवलं होतं. रोज बिलियर्डचं टेबल झाडायचं, कोळशाच्या इस्त्रीनं त्यावरची हिरवी लोकरी बनात सरळ करायची, आणि साहेब बाहेरगावी असला की काठी घेऊन एकट्यानं खेळायचं. असा तो खेळ शिकला.

सुटून आल्यावर त्यानं चोरी केली नाही. पण पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात त्याचं नाव होतं, आणि ते नाव काही सुटत नव्हतं. आठवड्याला ठाण्यात हजेरी लावायची, विचारल्याशिवाय चांदा सोडायचं नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला सावली गावाला जायचं म्हणून त्यानं परवानगी मागितली, ती वरात परत गेल्यावर मिळाली. हे त्यानं मला टेबलावर ब्रश फिरवता फिरवता सांगितलं होतं, तक्रार म्हणून नव्हे.

आता क्लबातला रिवाज. मार्करनं साहेब लोकांशी खेळताना हरायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि सगळीकडे पाळलं जात होतं. आमच्या मार्करनं त्याचं शास्त्र केलं होतं. आमचा डाव शंभर गुणांचा. डेप्युटी कलेक्टरशी तो वीस गुणांनी हरायचा, जंगलच्या मोठ्या साहेबांशी पंधरांनी, सर्जनशी दहांनी. आम्हा वकिलांना तीन डावांत एक डाव द्यायचा. सोपा चेंडू तो अशा बेतानं चुकवायचा की बघणाऱ्याला वाईट वाटावं. जंगलसाहेब तर घरी जाताना सांगायचे की आज मार्करला चांगलंच झुंजवलं. मला हे ठाऊक होतं आणि मला त्याची गंमत वाटायची. आज वाटत नाही.

मग नागपूरहून निरोप आला. बदलून गेलेल्या एका सभासदानं तिथल्या मोठ्या क्लबात मार्करचं नाव सुचवलं होतं. तिथे मार्कर सभासदांना शिकवतो, बाहेरून आलेल्या मार्करांशी लोकांसमोर सामने खेळतो आणि जिंकण्यासाठीच पगार घेतो. मार्करनं निरोप माझ्याकडून दोनदा समजून घेतला. जायचं तर ठाण्यातून नाव निघायला हवं, आणि ते काढणं नव्या पोलीसप्रमुखांच्या हातात. योगायोगानं हे साहेब बिलियर्डचे शौकीन निघाले. आल्या आठवड्यातच त्यांनी निरोप पाठवला की मार्करशी एक डाव खेळायचा आहे, माणूसही पाहून घेऊ.

मार्कर माझ्या घरी आला. पोलीससाहेबाशी किती गुणांनी हरायचं, एवढाच त्याचा प्रश्न होता. अक्कल पाजळायची संधी मी कधी सोडत नसे. डेप्युटी कलेक्टरपेक्षा थोडं कमी, जंगलसाहेबांपेक्षा थोडं जास्त, असा हिशेब करून मी अठरा सांगितले.

तो अठरांनी हरला. बरोबर अठरा. साहेबांनी काठी खाली ठेवली, खडूनं माखलेली बोटं रुमालाला पुसली आणि मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"जो माणूस इतक्या सफाईनं फसवतो, तो सुधारला असं मी कोणत्या तोंडानं लिहू?"

नाव रजिस्टरात राहिलं. मार्करला मी फक्त एवढंच सांगितलं की साहेब विचार करताहेत. साहेबांना जाऊन खरं सांगायला मला बारा दिवस लागले. कोर्टात दुसऱ्यांच्या गुन्ह्यांवर मी तासभर बोलायचो, स्वतःच्या एका वाक्यासाठी बारा दिवस. शेवटी त्यांच्या बंगल्यावर गेलो आणि सांगितलं की हरण्याचा सल्ला माझा, आणि क्लबाचा रिवाजही तसाच. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुन्हा खेळू, सगळ्यांसमोर, आणि या वेळी त्याला येतं तसं खेळू दे.

मार्करला ही बातमी मी मोठ्या आनंदानं दिली. त्याला आनंद झाला नाही. हातातला ब्रश त्यानं टेबलाच्या काठावर ठेवला.

"वकीलसाहेब, मी खरं खेळलो तं बाकीच्या साहेबलोकायले समजन ना, आजवर म्या त्यायच्यासंग काय केलं थे."

मी त्याला वेड्यात काढलं. सुशिक्षित माणसं आहेत, हसून सोडून देतील, असं म्हणालो. माणसं ओळखण्याचा धंदा माझा होता, आणि ओळखली त्यानं.

रविवारी सकाळी सगळे जमले. मार्करनं शर्टाच्या बाह्या वर केल्या, ही गोष्ट त्यानं आमच्यापैकी कुणाशी खेळताना कधी केली नव्हती. पोलीससाहेब चांगले खेळले, चाळिसाच्या पुढे गेले. मग मार्कर टेबलावर आला आणि खुर्चीत परत बसलाच नाही. तो टेबलाभोवती सावकाश फिरत होता, आणि तिन्ही चेंडू त्याला हवे तिथेच येऊन थांबत होते. स्वतःचे गुण तो स्वतःच पुकारत होता, नेहमीच्याच सपाट आवाजात. सत्तरीनंतर हॉलात कुणी खोकलं नाही. शंभर झाल्यावर पोलीससाहेबांनी मोकळेपणानं हसून त्याचा हात हातात घेतला. टाळ्या त्यांनी एकट्यानंच वाजवल्या. मी वाजवणार होतो, पण शेजारी जंगलसाहेब बसले होते आणि त्यांचा चेहरा मला दिसला.

आठवडा उलटायच्या आत ठाण्यातून नाव निघालं. आणि त्याच आठवड्यात बिलियर्डच्या हॉलाकडे कुणी फिरकेना. कमिटीची सभा भरली. जंगलसाहेबांनी 'विश्वासघात' हा शब्द वापरला. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं की चोर तो चोरच, आधी धान चोरलं, मग आपली इभ्रत. ठराव झाला, मार्करच्या सेवेची क्लबाला गरज उरली नाही. मी विरोधात हात वर केला नाही. ठराव मीच लिहिला, सहीही माझीच. याची मला लाज वाटली, आणि लिहिताना अक्षर चांगलं आलं याची जास्त वाटली.

पत्र द्यायला मी स्वतः गेलो. तो हॉलातच होता, रिकाम्या टेबलाची बनात इस्त्री करत होता. त्याला वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली.

"नागपूरवाले पहिल्या मालकाची चिठ्ठी मागून राह्यले. हे दाखवलं तं विचारतीन, काऊन काढलं?"

मी म्हणालो की विचारतील.

"वकीलसाहेब, कोर्टाचा कागद, जेलचा कागद, ठाण्याचा कागद, माह्या साऱ्या कागदाईत म्या काय चोरलं थेच लिहून हाये. तुम्ही यात खरं लिहा. जिंकलो म्हणून काढलं, असं लिहा."

मी पत्र फाडलं. कमिटीनं मला तो अधिकार दिला नव्हता. टेबलाच्या काठावर कागद ठेवून मी लिहिलं की हा माणूस इतकी वर्षं आमच्याकडे इमानानं नोकरीत होता, या क्लबातल्या सर्व सभासदांपेक्षा तो सरस खेळतो, तसं त्यानं सर्वांसमोर खेळून दाखवलं, आणि केवळ त्या कारणानं त्याला काढण्यात येत आहे. खाली सही केली आणि क्लबाचा शिक्का मारला. मग त्याला वाचून दाखवलं.

तो हात मागे बांधून ऐकत होता, कोर्टात उभे राहतात तसा.

"यात चोरीचं काईच नाई?"

"नाही, भाऊ."

त्यानं माझ्याकडून ते पुन्हा वाचून घेतलं.