बागेची वर्गणी

बाग सेवनिया नावाच्या वस्तीतल्या आमच्या कॉलनीत बागेची वर्गणी प्लॉटच्या आकाराप्रमाणे घ्यायची, असं घाटत होतं. तोवर माळ्याचा पगार बिल्डर द्यायचा. त्यानं हात वर केले होते. माझा प्लॉट मागच्या गल्लीत, कोपऱ्यावरचा, सगळ्यांत मोठा. म्हणजे वाटाही माझाच मोठा. जन्मभर कारखान्यात इंजिनिअरकी केलेली. वाद कसा घालायचा ते मला बरोबर ठाऊक होतं.

मंदिराच्या ओसरीत बैठक भरली. मी उठून म्हणालो, "मेरा घर पिछली गली में है। बगीचा मुझे दिखता तक नहीं, मैं वहाँ जाता भी नहीं। तो पैसे किस बात के?"

खोटं होतं ते. रोज सकाळी मी त्याच बागेत चकरा मारायचो. माझे बूट भिजू नयेत म्हणून पाण्याचा पाइप बाजूला ओढून 'राम राम साहब' म्हणणारा माळी त्या वेळी खांबापाशी उभा होता. आपलं काम राहतंय की जातंय, ते ऐकायला आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मागच्या गल्लीतले सगळे लगेच माझ्या बाजूचे झाले. वर्गणी बारगळली. महिनाअखेरीस माळी गेला.

बायको बैठकीत होती. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "अहो, मग रोज सकाळी तुम्ही जाता कुठे?"

"तुला यातलं काही कळत नाही," मी खेकसलो.

मे महिन्यात हिरवळ पार करपली. कडेची मेंदी वाळून तिच्या काटक्या झाल्या. मी लांबच्या रस्त्यानं फिरायला जाऊ लागलो, पण परतताना कुंपणाशी पाय रेंगाळायचे. पुढच्या बैठकीत शेवटी उभा राहिलो. "पिछली बार मैंने झूठ कहा था।" कुणीतरी फिसकन हसलं. वर्गणी मात्र या वेळी मंजूर झाली.

माळ्याला परत आणायचं काम मी अंगावर घेतलं. तो आनंद नगरकडे एका नर्सरीत लागला होता. वाटेत मनाशी जुळवलेली मराठी वाक्यं त्याच्यासमोर हिंदीत काही केल्या उतरेनात. "उस दिन मैंने..." इतकंच म्हणालो.

"अरे साहब, हो जाता है," तो घाईनं म्हणाला. माझी लाज त्यालाच बघवत नव्हती.

"वापस आ जाओ।"

"अब यहीं ठीक हूँ।" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानं मातीचे हात धुतले, स्टूल पुसून पुढे केलं, चहा मागवला. मी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर त्यानं चहावाल्याला मानेनंच 'नको' म्हटलं. तो समोर उभा होता आणि मी बसून त्याचा चहा पीत होतो.