दोन बोटं माया

व्यायामाची वही मी अजून टाकलेली नाही. शाळकरी, दोनशे पानी, त्यातली जेमतेम तेरा पानं भरलेली. पहिल्या पानावर माझी मापं आहेत: छाती, कंबर, नितंब, दंड, मांडी. वजन लिहायचं नाही असं मोबाइलमधल्या व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं. काटा फसवतो, टेप खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरात माझी आई नव्हती.

बारा आठवडे घरच्या घरी करायचा हा व्यायाम मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू केला. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं होतं आणि जो विचारेल त्याला मी तेच कारण द्यायचे. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आईच्या तोंडून मला एकदा ऐकायचं होतं, की मी बरी दिसते. एकदाच.

आई लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवत होती. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा ती शिलाई मशीन आणि पत्र्याची ट्रंक घेऊन परळला माझ्याकडे राहायला आली. हॉलमध्ये खिडकीखाली तिचा पलंग टाकला. चटई पसरायला घरात दुसरी जागा नव्हती, त्यामुळे माझा व्यायाम रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोर चालायचा. मोबाइलमधल्या बाई ज्याला स्क्वॉट म्हणायच्या, त्याला शाळेत आम्ही उठाबशा म्हणायचो आणि गृहपाठ केला नाही की त्या मिळायच्या. इथे तर गृहपाठ करूनही मिळत होत्या.

"जमीन हालता गे," आई पलंगावरून म्हणायची. "खालची माणसा वर येतली."

खालून कधी कुणी आलं नाही.

तिच्या ट्रंकेत माझ्या लग्नातला ब्लाउज निघाला. तिनेच शिवलेला, डाळिंबी रंगाचा. चाळीतल्या प्रत्येक बाईच्या ब्लाउजला आई आतून दोन बोटं माया, शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवायची. बाळंतपणं होतात, अंग भरतं, उसवून मोठा करता यायला हवा. माझ्या ब्लाउजला मात्र तिने माया कधीच ठेवली नाही. शिवणीलगत कापड कापून टाकायची. "तुका माया ठेवली तर तू आणखी सुटतलंस," असं गिऱ्हाइकांसमोर सांगायची, आणि त्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या. मी तेव्हा आठवीत असेन.

लग्नाच्या दिवशी हॉलवर, अक्षता पडून तास झाला नसेल, तोच वरचे दोन हुक तटातट तुटले. शेजारच्या काकूंनी मला खोलीत नेलं, दार लावलं, ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण चाचपली. "आत माया नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. मग पिना लावल्या. लग्नाच्या पुढच्या सगळ्या फोटोंत मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला आहे. सासरच्यांना वाटलं, पोरगी वळणाची आहे. आई पंगतीत माझ्यामागे येऊन वाकली आणि म्हणाली, "मी तुका सांगलेलंय, जास्ती खाव नको." माझ्या पानात तेव्हा नुसता वरणभात होता.

तर तो ब्लाउज मी धुऊन, तुटलेले हुक नव्याने लावून कपाटात ठेवला. दर रविवारी अंघोळ झाली की चहाच्या आधी टेपने मापं घ्यायची, त्याच कपाटापुढे त्याच पंजाबी ड्रेसमध्ये नवऱ्याकडून फोटो काढून घ्यायचा, आणि तो खोलीबाहेर गेला की ब्लाउज चढवून बघायचा. पहिल्या रविवारी ब्लाउजच्या दोन कडांमध्ये चार बोटं अंतर होतं. वहीत तसंच लिहिलंय, चार बोटं. फोटोंकडे मी बघतच नव्हते. माझा विश्वास बोटांवर.

चौथ्या रविवारी नवा टेप सापडेना, म्हणून आईच्या डब्यातला जुना कापडी टेप घेतला. कंबर सव्वा इंच उतरली होती! मी तशीच बाहेर आले आणि आईला सांगितलं. तिने भाजी निवडता निवडता मान वर केली.

"तो टेप ताणलेलो आसा. पाऊण इंच कमीच दाखवता."

"मग मी डब्यातून काढताना का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस खंय?"

पुढचे दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. पण व्यायाम सोडला नाही. राग अंगात असला की उठाबशा चांगल्या होतात, हे मोबाइलमधल्या बाईंना कुणीतरी सांगायला हवं. अंतर तीन बोटांवर आलं, मग दोनवर. नवव्या आठवड्यात एक बोट उरलं आणि तिथेच अडून बसलं. मी रात्रीचा भात सोडला. आईही ताटातला भात तसाच टाकून उठायला लागली होती. ते मला दिसत होतं, आणि ती मला खिजवायला करते असंच मला वाटत होतं.

बाराव्या रविवारी सगळे हुक लागले. श्वास घेता येत होता, हात वर करता येत होता. मी साडी नेसले, पदर एकाच खांद्यावर घेतला आणि हॉलमध्ये जाऊन आईसमोर उभी राहिले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तिने मला जवळ बोलावलं. काखेखालची शिवण अंगठ्याने चाचपली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तोंड उतारला तुझा. आजारी दिसतंस."

मग मी बोलले. गिऱ्हाइकांसमोरचं, पंगतीतलं, फोटोतल्या पदराचं, टेपचं, सगळं काढलं. शेजारी ऐकतील याचीही लाज बाळगली नाही. जन्मभर मी तिला जाडी दिसत होते आणि आता आजारी दिसायला लागले. मधला एकही दिवस तिला दिसला नव्हता. ती ऐकत होती. ऐकता ऐकता खांद्यावरून घसरलेला स्वतःचा ब्लाउज वर ओढत होती.

"झाला तुझा?" ती म्हणाली. "मगे माझे चार ब्लाउज बारीक कर. खांद्यावरसून उतारतत."

मी तावातावाने तिचाच टेप उचलला आणि तिच्या छातीभोवती धरला. सव्वातीस भरली. माझ्या आठवणीत आईचं माप छत्तीस, कायमचं. हा टेप कमी दाखवतो, मी स्वतःला सांगितलं, आणि गुडघ्यांवर बसून नवा टेप शोधायला लागले. तिच्याच पलंगाखाली सापडला. एकतीस.

बारा रविवार मी माझी कंबर पाव पाव इंचाने मोजत होते. चटईपासून तिचा पलंग हातभर लांब. इतकी आंधळी मी आयुष्यात कधी झाले नव्हते, आणि त्याबद्दल मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहीच्या तेराव्या पानावर तिची मापं आहेत.

त्या आठवड्यात तपासण्या झाल्या. ती आता अंगाने पुन्हा भरणार नाही, हे घरात तिला सोडून सगळ्यांना कळलं.

पुढच्या रविवारी मी तिच्या मशीनवर बसले. तिचा एक ब्लाउज उलटा करून दोन्ही बाजूंनी नव्या शिवणीची खूण केली आणि जादा कापड कापायला कात्री घेतली. तिने पलंगावरून हात हलवला.

"माया कापू नको हां. मी परत भरतलंय."

मी कात्री खाली ठेवली. अडीच-अडीच इंच कापड दोन्ही बाजूंना आत दुमडलं आणि टीप मारली. तिला उठवून बसवलं, ब्लाउज घातला. काखेखाली कापडाची जाड घडी आली होती. तिने कोपर अंगापासून लांब धरलं.

"केवढी माया ठेवलंस गे. टोचता."

"टोचू दे," मी म्हटलं, आणि तिचे हुक लावले.