डुक्कर फियाट कन्याकुमारीला निघाली

आई फियाटला ओवाळायला चाळीच्या गेटपाशी उतरली, तेव्हा अपेक्षा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभी होती. डोकं दुखतंय, असं तिने सांगितलं होतं. डोकं काही दुखत नव्हतं. खाली तिची धाकटी बहीण श्रेया गॉगल लावून, गाडीच्या दाराला टेकून फोटो काढून घेत होती आणि अर्धं करी रोड तिच्याभोवती गोळा झालं होतं. अपेक्षाचा नुसता जळफळाट होत होता.

गाडी शिवा ड्रायव्हरची, म्हणजे या दोघींच्या पपांची. फणसवाडीतल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी उभा जन्म ही गाडी चालवली. गोल पाठीची, फुगीर. मुंबईत हिला डुक्कर फियाटच म्हणतात. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा किल्ली पपांच्या हातात ठेवली. ''माझ्यापेक्षा ती तुझंच ऐकते रे,'' म्हणाले.

श्रेया हुशार. शिष्यवृत्ती मिळवून लहानपणीच नाशिकला हॉस्टेलात गेली, पुढे इंजिनीअर झाली, बंगळुरूला स्थायिक झाली. अपेक्षा घरीच राहिली. परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची नोकरी, आईची औषधं, पाण्याची वेळ. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं आणि मग पपांना कॅन्सर झाला. तो सगळा काळ तिनेच काढला. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. पण पपा आपलेच, आणि फियाटही आपलीच, असं तिने मनात पक्कं धरलं होतं.

जुन्या गाड्यांच्या एका क्लबने मुंबई ते कन्याकुमारी दौरा ठरवला. उपचारासाठी परळला येणाऱ्या पेशंटांचे नातेवाईक फूटपाथवर झोपतात, त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधायची, त्याला मदत गोळा करायची. श्रेया त्या क्लबात होती. तिने फियाटचं इंजिन उघडून घेतलं, नवा रंग दिला, आईकडून किल्ली घेतली. सगळं ठरल्यावर तिचा फोन आला, ''ताई, तू पण चल ना!''

त्या 'पण'ने घात केला. ''मला रजा नाही,'' अपेक्षा म्हणाली. रजा भरपूर शिल्लक होती.

गाड्या गेल्या. दुपारी लॅबमध्ये डबा खाताना अपेक्षाने मोबाइल उघडला. महाडच्या चौकातला व्हिडिओ आला होता. फियाटसमोर उभी राहून श्रेया बोलत होती.

''माझ्या पपांनी मला नायगावला, बीडीडी चाळींमधल्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली. पहिले काही दिवस मला मागेच बसवलं. म्हणाले, मागच्याला झोप लागली पाहिजे, तरच तू ड्रायव्हर. पुढे ते आजारी पडले. मी याच गाडीतून त्यांना केमोला नेत होते. एकदा मागे वळून बघते तर पपा गाढ झोपलेले. हॉस्पिटलच्या दारात जागे झाले नि म्हणाले, पास झालीस.''

गर्दीतल्या बायका डोळे पुसत होत्या. खाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला होता: काय लेक आहे!

अपेक्षाच्या हातातला घास तसाच राहिला. मागे बसून शिकली ती अपेक्षा. केमोला नेलं तिने. 'पास झालीस' हे शब्द पपा तिला म्हणाले होते, आणि पपा गेले त्या रात्री तिनेच ते रडत रडत श्रेयाला सांगितले होते.

घरी येऊन ती आईसमोर ढसाढसा रडली. ''कित्याक रडतंस गो? भैण मां ती तुझी,'' आई म्हणाली. अपेक्षाने श्रेयाला फोन लावला.

''गाडी घेतलीस, घे. माझे पपा कशाला घेतलेस?''

श्रेया म्हणाली, ''लोक विचारतात ताई, पपांची आठवण सांगा. माझ्याकडे काय आहे? हॉस्टेलवर येणारी त्यांची मनीऑर्डर आणि वर्षातून दोन सुट्ट्या. तुला गाडी शिकवली त्यांनी. मला म्हणाले, तू अभ्यास कर. किती जळायचे मी तुझ्यावर, माहितीये?''

''मग तसं सांगायचं.''

''मग तू ये. सावंतवाडीला मुक्काम आहे आमचा. तूच सांग.''

ताई येणार नाही, असं श्रेयाला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अपेक्षा एसटीतून सावंतवाडीला उतरली.

शाळेच्या हॉलमध्ये लोक जमले होते. अपेक्षाने हातात माइक घेतला. आता खरी गोष्ट लोकांना कळणार होती. ''पपांना केमोला नेत होते,'' ती म्हणाली. ''ते झोपले. मग म्हणाले, पास झालीस.'' पुढे काय बोलावं तिला सुचेना. एवढ्या वर्षांचं सगळं एका मिनिटाच्या आत संपलं. टाळ्या पडल्या, पण सत्कारात नारळ देताना पडाव्यात तशा. मागच्या रांगेतला एक गृहस्थ जांभई देत होता.

अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोष्ट तिची होती आणि ती श्रेयाच्या तोंडी जास्त खरी वाटत होती! यावर कुणाशी भांडायचं?

तिने माइक बहिणीपुढे धरला. ''तूच सांग. पण माझं नाव घेऊन.''

श्रेयाने सांगितलं. ''ही माझी ताई,'' असं म्हणून सुरुवात केली आणि नायगावच्या चाळी, पपांची खाकी टोपी, मागची सीट, सगळं उभं केलं. शेवटी म्हणाली, ''त्या वेळी मी बंगळुरूला मीटिंगमध्ये होते.'' मघाचा जांभई देणारा गृहस्थ उठून मदतपेटीकडे गेला. लोक अपेक्षाच्या पाया पडायला लागले, तेव्हा ती अवघडून भिंतीला टेकली.

गोव्याच्या हद्दीपर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षाने गाडी चालवली. बांद्याच्या पुढे श्रेयाने स्टिअरिंग घेतलं. एका वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा श्रेयाने इतक्या अलगद गिअर टाकला की अपेक्षा बघतच राहिली. पोरगी आपल्यापेक्षा चांगली चालवत होती.

''कुठे शिकलीस?''

''क्लासला. पैसे भरून.''

अपेक्षाला पुन्हा बारीकसं काहीतरी टोचलं. ''हॉर्न फार मारतेस,'' ती म्हणाली.

श्रेया हसली. पणजीला उतरून अपेक्षा परतीच्या बसने निघणार होती. तिने पर्समधून मोबाइल काढला आणि लॅबला कळवलं, रजा आठवडाभर वाढवा.