नाताळात परत येणाऱ्या ताटल्या

सिस्टरांसमोर 'तरी बरं' म्हणायची सोय नव्हती. आपल्याकडे माणूस बोलायला लागतो तेव्हापासून हे दोन शब्द त्याच्या तोंडात असतात. पाय मोडला, तरी बरं, डोक्यावर नाही पडला. नोकरी गेली, तरी बरं, घर स्वतःचं आहे. माझी आई तर या शास्त्रातली पंडित. वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांना ती माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "तरी बरं, मंदारचं शिक्षण पूर्ण झालेलं होतं." सिस्टर शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी आईचा हात धरला आणि भरल्या घरात म्हणाल्या, "वहिनी, रडायचं तर रडा. पण असा सौदा करू नका." आईने त्यांच्याकडे बघितलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली.

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची, बिनलिफ्टची इमारत आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि त्या आमच्या बरोबर खाली, दुसऱ्यावर. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या. आयुष्यभर सरकारी इस्पितळात नर्स होत्या, म्हणून सगळ्या इमारतीसाठी सिस्टर. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा आशिष. प्रेमळ वगैरे म्हणतात तशा त्या अजिबात नव्हत्या. उंच, हाडकुळ्या, आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. आईला मधुमेह, त्यामुळे रोज सकाळी साडेसातला त्या वर येऊन तिची साखर तपासायच्या आणि इन्सुलिन द्यायच्या. आई कुरकुरली की म्हणायच्या, "आधी टोचून घ्या, मग सावकाश ओरडा." या कामाचं त्यांनी कधी काही घेतलं नाही. चहासुद्धा स्वतःच्या घरचाच प्यायच्या, कारण आईचा चहा त्यांच्या मते पाणचट होता.

जेवणाआधी त्या डोळे मिटून देवाचे उपकार मानायच्या. त्यात नवल नाही, पण त्यांची एक अट होती. उपकार आजचा हवा आणि लहान हवा. मला बढती मिळाली त्या दिवशी मी आणि आशिष त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो. त्यांनी मलाही विचारलं आणि मी ऐटीत बढतीचं नाव घेतलं. "ते सगळेच म्हणतात," त्या म्हणाल्या, "सकाळपासून काय झालं ते सांग." मी बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी म्हणालो, "स्टेशनवरून येताना पहिल्याच रिक्षावाल्याने नाही म्हटलं नाही." आशिष फिस्सकन हसला. सिस्टर मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "हं. हे चालेल." आणि डोळे मिटून त्यांनी खरोखरच त्या रिक्षावाल्याबद्दल देवाचे उपकार मानले. त्यांचं म्हणणं असं की, मोठ्या गोष्टी कधी तरी येतात, आणि माणसाला जेवायला रोज बसायचं असतं.

दिवाळीला आमच्या इमारतीतून घरटी एक ताटली फराळ त्यांच्याकडे जायचा. आपल्याकडे रिकामी ताटली परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. सिस्टर ती ताटली परतच करायच्या नाहीत. दोन महिने सगळ्या ताटल्या त्यांच्या कपाटात. नाताळाच्या दिवशी चर्चमधून आल्या की त्या पुढचं दार सताड उघडायच्या आणि टेबलावर भरलेल्या ताटल्या मांडून ठेवायच्या. ओल्या नारळाच्या करंज्या, शंकरपाळ्या, काळा केक, वर क्रोशाचे रुमाल. प्रत्येकाने यायचं, कडेला कोरलेलं नाव वाचून आपली ताटली ओळखायची, बसून एक करंजी खायची आणि बाकीचं घरी न्यायचं. त्या कुणाला बोलवायला जात नसत. "दार उघडं आहे, हेच बोलावणं," म्हणायच्या. त्या दिवशी जिन्यात नुसती वर्दळ असायची. पोरं रुमाल उचलून कुठल्या ताटलीत केक जास्त आहे ते बघायची आणि मार खायची.

मग एका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आशिष गेला. कामावरून मोटरसायकलने घरी येताना माजिवड्याच्या नाक्यावर त्याला डंपरने उडवलं. एकतीस वर्षांचा होता. आम्हाला फोन आला तेव्हा मी आणि सोसायटीचे सेक्रेटरी सिस्टरांना घेऊन ठाण्याला गेलो. इस्पितळाच्या दारात त्या एकदम नर्स झाल्या, कागद वाचले, योग्य त्या माणसाला योग्य ते प्रश्न विचारले. चादर त्यांनी स्वतः बाजूला केली. आशिषच्या केसांत वाळू अडकली होती, ती त्या बोटांनी काढत राहिल्या. बराच वेळ काढत राहिल्या. शेवटी मीच त्यांना बाहेर आणलं.

दफनानंतर चार-पाच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर भात झाकलेला होता. "जेवला नाहीत?" मी विचारलं.

"बसते रे रोज," त्या म्हणाल्या, "पण उपकार सापडत नाही. सकाळपासून आठवत बसते. काहीच सापडत नाही. मग तशीच उठते." मग म्हणाल्या, "नाताळाला तरी सापडायला हवा, मंदार. त्या दिवशीही नाही सापडला, तर जन्मभर मी जे म्हणत आले ते सगळं तोंडदेखलं होतं, असं होईल. मग मला नाही जमायचं पुढे."

यावर एखाद्या माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "तरी बरं सिस्टर, त्याचे हाल झाले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. "जा तू आता," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या वर यायच्या बंद झाल्या. आईची साखर मीच बघू लागलो.

नाताळाच्या आदल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरींनी विषय काढला, "यंदा सिस्टरांकडे सण नाही. घरात तरणा मुलगा गेलाय. कुणी ताटल्या-बिटल्या मागायला जाऊ नका, मुलांना आवरा." चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "हो ना, किती विचित्र दिसेल ते! मी तर पोरांना सांगून ठेवलेलंय, दुसऱ्या मजल्यावर आवाज पण करायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर्षभर घरात गोडधोड नाही, कंदील नाही, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. त्या वेळी मला आमचा अभिमानच वाटला होता. लोक एवढे समंजस आहेत, असं मी घरी येऊन आईला म्हणालोही.

पंचवीस तारखेला सकाळी मी दूध आणायला निघालो. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. आत बघायचं धाडस झालं नाही. मी चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता खाली उतरलो. येतानाही तसाच आलो. दिवसभरात वरच्या मजल्यांवरचा प्रत्येक माणूस त्या दारावरून असाच गेला असणार.

संध्याकाळी आईला घाम फुटल्यासारखं झालं. साखर बघायला गेलो तर मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'एरर'. दोन पट्ट्या वाया गेल्या. आई म्हणाली, "सिस्टरांना विचार ना जरा." मला नको वाटत होतं. पण मशीन घेऊन खाली गेलो. दार आता बंद होतं. बेल वाजवावी की नाही ते कळेना, म्हणून बोटाने हलकेच दार वाजवलं.

ते ताबडतोब उघडलं, जणू त्या दाराला टेकूनच उभ्या होत्या. अंगावर चर्चला जायची पांढरी साडी होती. आणि त्यांच्या मागे टेबलावर सगळ्या ताटल्या मांडलेल्या होत्या. भरलेल्या, रुमाल घातलेल्या, एकही हललेली नव्हती.

मी मशीन खिशात घातलं.

"ये," त्या म्हणाल्या. "तुमची खिडकीकडची आहे."

मी आईच्या नावाची ताटली शोधून मांडीवर घेऊन बसलो. "सिस्टर, आम्हाला वाटलं, यंदा तुम्ही सण…"

"कळत होतं मला. वीस वर्षं राहतेय तुमच्यात." त्या समोर बसल्या. "सकाळपासून सगळे चोरपावलांनी जात होते. मला ऐकू येत होतं. प्रत्येक वेळी वाटायचं, हा थांबेल. माझा आशिष गेला म्हणून ख्रिस्त जन्मायचा राहतो का रे? तीन दिवस करंज्या केल्या. एकटीने. रडत केल्या, पण केल्या. सात वाजेपर्यंत दार उघडं ठेवलं. मग लावलं. लावून वळते तोच तू वाजवलंस."

माझ्या कानशिलात कुणी तरी मारायला हवी होती. पण ते काम करायला तिथे कुणी नव्हतं.

त्यांनी एक करंजी माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि डोळे मिटले. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली तेवढाच आवाज. मग त्या वॉर्डातल्या आवाजात नव्हे, अगदी पुटपुटत म्हणाल्या, "हे प्रभो, सात वाजता दार वाजलं, त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. आमेन."

आणि करंजी खाल्ली. वीस दिवसांत त्यांनी उपकार मानून खाल्लेला तो पहिला घास होता. माझ्या खिशात ते मशीन मांडीला टोचत होतं. मी सांगू शकलो असतो की मी तुमच्यासाठी आलेलोच नाही. नाही सांगितलं. मग आई बरी नाही म्हटल्यावर त्या उठल्या, स्वतःचं मशीन घेतलं आणि माझ्या आधी जिना चढल्या. आईची साखर उतरली होती. सिस्टरांनी तिला तिच्याच ताटलीतला केक भरवला आणि "एवढा वेळ काय करत होतात?" म्हणून आम्हा दोघांना झापलं. आई सावरल्यावर मी दारोदार गेलो. निम्मी घरं फिरायला बाहेर पडलेली होती. जी होती ती खाली आली, ओशाळून, ताटल्या घेऊन गेली. उरलेल्या ताटल्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी स्वतः ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिल्या.

यानंतर सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. सिस्टर पुन्हा साडेसातला येऊ लागल्या, पण हसायच्या नाहीत. त्यांचे उपकार आणखी लहान झाले. नळाला पाणी आलं. गुडघा चढताना दुखला, उतरताना नाही. एखाद्या दिवशी म्हणायच्या, "आज नाही सापडला," आणि तशाच जेवायच्या. खोटा उपकार त्यांनी कधी मानला नाही. लोकांना वाटायचं, बाईंनी स्वतःला सावरलं. मी खालून येणारा आवाज ऐकायचो. पहाटे त्या आशिषच्या खोलीचं दार उघडायच्या आणि पुन्हा लावायच्या, रोज.

दोन वर्षांनी त्यांना कर्करोग झाला. स्वतःचे रिपोर्ट त्यांनी स्वतःच वाचले आणि मला म्हणाल्या, "दिवाळी होईल." दिवाळी झाली. त्या कल्याणच्या इस्पितळात होत्या आणि देखभालीला आलेली भाची त्यांच्या घरी राहत होती. तरीही आईने नेहमीप्रमाणे फराळाची ताटली तिच्या हातात दिली. इतर घरांनीही दिल्या.

इस्पितळात मी एकदा धीर करून बोललो. "सिस्टर, त्या नाताळाला मी तुमच्यासाठी नव्हतो आलो. आईचं मशीन बिघडलेलं, म्हणून आलो होतो. तुम्ही उगाच माझ्यामुळे देवाचे उपकार मानलेत."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माहितेय," म्हणाल्या. "दार उघडलं तेव्हा मशीन हातातच होतं तुझ्या. मग खिशात घातलंस."

"मग?"

"मग काय? दार वाजलं होतं ना? मी तेवढ्याचेच मानले होते. तुझे कुठे मानले?"

ते ऐकून मला हसू आलं आणि मग हसणं भलतीकडेच गेलं. त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. जुन्या सवयीने नाडीवर बोटं ठेवली आणि तशाच झोपल्या.

डिसेंबर लागायच्या आत त्या गेल्या. आशिषच्या शेजारी जागा नव्हती, दोन रांगा सोडून मिळाली. पाळकांची प्रार्थना चालू असताना माझ्यामागे कुणी तरी हळूच म्हणालं, "तरी बरं, फार दिवस काढावे लागले नाहीत." मी मागे वळून बघितलं नाही.

घर रिकामं करायच्या दिवशी भाची ताटल्या परत द्यायला आली. आईचीही होती, स्वच्छ घासलेली, पुसलेली. त्या मुलीला काय माहीत असणार? इतक्या वर्षांत ती ताटली पहिल्यांदाच रिकामी परत आली होती. आईने ती दोन्ही हातांत घेतली. कडेला कोरलेल्या स्वतःच्या नावावरून तिने अंगठा फिरवला.

"तरी बरं…" तिने सुरुवात केली आणि थांबली. मग म्हणाली, "आज ताटली परत आली," आणि डोळे मिटले.